हौदातली हिरवी जाळी

नांदूरघाटात कुणाच्याही दारात जा, जनावरांच्या हौदाला आतून हिरवा थर असतोच. कुणाला त्याचं काही वाटत नाही. म्हैस पाणी पिते, माणूस बघतो, विषय संपला. पण अंजनाच्या हौदाची गोष्टच वेगळी होती. तिच्या हौदात सकाळी डोकावलं तर तळाशी पडलेलं लिंबाचं पान शिरांसकट दिसायचं. तारेचा ब्रश, मूठभर चुना आणि तिचा तो दणकट हात. दर अमावास्येला हौद उपसायचा आणि खसाखसा घासायचा, हा तिचा लग्न होऊन या घरात आल्यापासूनचा नेम. चौसाळ्याला दिलेली तिची पोरगी म्हणायची, आई, तुझ्या म्हशी आमच्यापेक्षा चांगलं पाणी पितात. हे अंजना गावभर सांगत सुटायची.

बाई कामाला वाघ. म्हशींची धार, शेण, वैरण सगळं एकटीच्या अंगावर घेऊन वर चार माणसांचा स्वयंपाक हसत करील अशी. तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. म्हणजे एक सोडून. दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते तिला फार लवकर दिसायचं. त्यातून ते ताट धाकट्या जावेचं असलं तर बघायलाच नको.

ही धाकटी जाऊ म्हणजे संगीता. दोघींची दारं समोरासमोर, अंगण एक. संगीता केजची, बारावी शिकलेली, बोलणं गोड. आणि म्हशीला भ्यायची. म्हशीनं नुसतं नाक फुरफुरलं तरी ही ओसरीवर चढायची. अंजना हे सगळ्या पाहुण्यांना न चुकता सांगायची, संगीताच्या देखत सांगायची, आणि सांगून झालं की तिला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. शिकली असेल बारावी, पण घरात थोरली कोण? दूध कुणाच्या हातचं? हळदी-कुंकवाला पहिलं बोलावणं कुणाला? सगळ्याचं उत्तर अंजना. त्यामुळे इतकी वर्षं तराजू बरोबर होता.

मग त्या शेवाळवाल्या मॅडम आल्या आणि तराजू फिरला.

सायली मॅडम केजच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. पाण्यातल्या वनस्पती आणि शेवाळ यांचा अभ्यास करणारी एक परिषद आहे, तिच्या त्या चिटणीस. हो, शेवाळाची परिषद. हसू नका, ज्यावरून आपण घसरून पडतो त्याच्यावर आयुष्य घालवणारी माणसं असतात. तर या परिषदेनं ठरवलं होतं की गावोगावी एकेक सभासद करायचा. त्यानं महिन्यातून एकदा गावच्या तलावातलं, विहिरीतलं, ओढ्यातलं हिरवं जे काही असेल ते बाटलीत भरायचं, वरून औषधाचे थेंब टाकायचे आणि केजला पोचवायचं.

आणि खरी बोच इथंच आहे. सायली मॅडमनी आधी विचारलं ते अंजनाला.

अंजना गोवऱ्या थापत होती. मॅडम हौदात डोकावल्या, आतलं स्वच्छ पाणी बघून हसल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही सारख्या पाण्याशीच असता. आमच्या परिषदेच्या सभासद व्हाल का?"

"कशाची परिषद?"

"शेवाळाची."

अंजना इतकी हसली की हातातला शेणाचा गोळा खाली पडला. "मॅडम, शेवाळ घासू घासू माजा जलम चालला. आता ते गोळा करू का? रिकाम्या बाया लई हायती गावात. त्यांना इचारा."

समोरच्या दारातून आवाज आला, "मी करते मॅडम."

अंजनाला तेव्हा काहीच वाटलं नाही. उलट वाटलं, बरं झालं, जाऊ दे हिला चिखलात. पण दुसऱ्या खेपेला मॅडमनी सामान आणलं. बारीक कापडाची जाळी, छोट्या बाटल्यांची पेटी, परिषदेचा बिल्ला, आणि काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग. ते भिंग संगीतानं गळ्यात घातलं. मंगळसूत्राच्या शेजारी ते असं लोंबायला लागलं की जणू माहेरून आलेला दागिनाच. उन्हात चकाकायचं. भाकरी थापतानाही ती काढायची नाही. अंजनाच्या डोळ्यांत ते भिंग पहिल्या दिवशी जे खुपलं ते खुपलंच.

सुरुवातीला गावानं अंजनाची चांगली सोय केली. संगीता तलावाच्या काठावर पदर खोचून उतरली की पोरं ओरडायची, शेवाळीण आली. बाया पारावर खुसुखुसू हसायच्या. अंजना त्यांच्यात जाऊन बसायची आणि म्हणायची, "माज्या दिराचं नशीब, दुसरं काय." पण गाव म्हणजे काय, आज हसतं, उद्या हार घालतं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी हिरवंगार झालं आणि वास मारायला लागलं तेव्हा संगीतानं ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं, जनावरं तिकडं नेऊ नका, हे शेवाळ विषारी असू शकतं, मॅडमकडं पाणी पाठवलंय. माणसांनी ऐकलं. त्यानंतर शेवाळीण गेली आणि संगीताताई झाली. पंधरा ऑगस्टला शाळेत तिच्या हस्ते नारळ फोडला. पेपरात फोटो आला, तलावाच्या काठावर उभी, भिंग डोळ्याला लावलेलं.

तो पेपर अंजनाच्या नवऱ्यानं, रामेश्वरनं, कौतुकानं घरी आणला. अंजनानं तो घेतला, फोटोकडं बघितलं, आणि त्यावर लसूण सोलायला बसली.

"कावून चिडायलीस?" रामेश्वर म्हणाला. "तुलाच इचारल्तं की पहिल्यांदा."

"तुमी गप बसा."

हेच तर तिला मारत होतं. दुसऱ्याचं होतं आणि दुसऱ्यालाच मिळालं, तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. हे तिच्या ताटात वाढलेलं होतं आणि तिनं हसून ताट सरकवलं होतं. अंजनाला हवं होतं ते भिंग. बाकी बिल्ला नको, बाटल्या नकोत, पेपर नको. तेच भिंग, काळ्या दोऱ्यातलं, आपल्या गळ्यात. पण आता मागायचं कुणाला आणि कुठल्या तोंडानं? मग ती संगीताच्या चुका काढायची. भिंग घालून चुलीपुढं बसतात का. तलावात पाय घालून आलेल्या बाईनं देवाजवळ जावं का. संगीता पहिल्यांदा उत्तरं द्यायची, मग देईनाशी झाली. त्यानं तर अंजनाचा आणखीच जळफळाट झाला.

अशात एक दिवस म्हैस बुजली. तिनं दोर असा हिसडला की अंजनाचं उजवं मनगट लचकलं. लेप लावला, पट्टी बांधली, धार रामेश्वर काढायला लागला, पण हौद कोण घासणार? अमावास्या आली आणि गेली. पुढचीही गेली. हौदाच्या कडा हिरव्या झाल्या. अंजनाला लाज वाटायची. कुणी आलं की ती हौदाच्या पुढं उभी राहायची.

एके सकाळी तिला पाण्यात कांद्याच्या पिशवीची जाळी तरंगताना दिसली. हिरवी पिशवी असते ना, तसली. बाजारातून कांदे आणले असतील रामेश्वरनं आणि पिशवी दिली टाकून हौदात, असं म्हणून ती त्याला बोलायच्या तयारीनं वाकली. जाळी धरून ओढली तर हातात नुसता बुळबुळीत गोळा आला. तिनं दचकून गोळा पुन्हा पाण्यात सोडला. गोळा हळूच उलगडला आणि परत जाळी झाली. घरं पाडलेली, एकसारखी, विणल्यासारखी. अंजना डाव्या हातानं पाणी ढवळत तिथंच बसून राहिली. वैरण राहिली, चहा राहिला.

"काय हाय अक्का?" संगीता मागं उभी होती. म्हैस बांधलेली आहे ना, एवढं बघून ती जवळ आली आणि पाण्यात डोकावली. मग तिनं झटकन भिंग काढलं. काढलं म्हणजे डोक्यातून नाही, दोरा गळ्यातच ठेवून भिंग अंजनाच्या डोळ्याला लावलं. दोरा आखूड, त्यामुळे दोघींची डोकी एकमेकींना टेकली.

अंजनानं डाव्या तळहातात घेतलेल्या पाण्यात बघितलं. जाळीचं एकेक घर पाच-सहा कोनांचं, आणि त्याच्या कडा हिरव्या काचेच्या नळीसारख्या. तिनं आजवर घासून टाकलेलं शेवाळ असं असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिला आणखी बघायचं होतं. पण संगीताला मान अवघडली आणि तिनं भिंग स्वतःच्या डोळ्याला लावलं.

"अक्का, थोडं घेऊ का? मॅडमला दाखवते."

"घे की. माज्या हौदातली घाण गावाला दाखवायचीच राहिल्ती," अंजना म्हणाली. पण नको म्हणाली नाही. संगीतानं बाटली भरली, औषधाचे थेंब टाकले, बूच लावलं.

चार दिवसांनी संगीता केजहून आली ती चेहराभर हसत. परिषदेला या बाजूला ही जाळी अजून कुठंच सापडली नव्हती. मॅडम म्हणाल्या होत्या, हिच्या प्रत्येक धाग्याच्या पोटात आणखी एक बारकी अख्खी जाळी तयार होते आणि मग ती बाहेर येते. रविवारी केजला परिषदेचं वार्षिक संमेलन होतं. जेवणं झाली की सगळी माणसं दोन जीप करून नांदूरघाटला येणार होती. हौद बघायला.

"आन् अक्का," संगीता म्हणाली, "रविवारी तुमी कुठं जाऊ नका. चांगली साडी नेसा. हौदाला मात्र हात लावू नका."

झालं. अंजनाच्या अंगाची लाही लाही झाली. हौद माझा. म्हशी माझ्या. मनगट माझं लचकलं म्हणून ते शेवाळ आलं. दिसलं पहिल्यांदा मला. आणि ही म्हशीला भिणारी बया मला सांगती, हात लावू नका, साडी नेसा. आणि त्या साडीत मी काय करायचं? चहाचा ट्रे फिरवायचा. माणसं हौदाभोवती उभी राहणार, संगीता भिंग लावून बोलणार, फोटो निघणार, आणि थोरली जाऊ मागं कपबश्या विसळणार. हा सगळा देखावा तिनं मनातल्या मनात इतक्यांदा बघितला की रविवार यायच्या आधीच तो घडून गेल्यासारखा झाला.

रविवारी संगीता सकाळीच केजला गेली. अंजनानं पट्टी सोडून मनगट फिरवून बघितलं. दुखत होतं, पण चालत होतं. दुपारी तिनं हौदाचा बोळा काढला.

"अगं, तिनं हात लावू नको म्हणल्तं ना?" रामेश्वर म्हणाला.

"पाव्हणे यायचेत. घाण कशी दाखवू? हौद माजा हाय का तिचा?"

रामेश्वरनं तिच्याकडं बघितलं, टोपी घातली आणि शेताकडं निघून गेला. त्याला संसार करायचा होता.

पाणी उतरत गेलं तशी जाळी खाली बसत गेली आणि शेवटी तळाला चिकटली. अंजना क्षणभर थांबली. मग तिनं ती खरवडून उकिरड्यावर टाकली. मग ब्रश. मग चुना. मग ग्रामपंचायतीनं विहिरीसाठी दिलेली ब्लिचिंग पावडर, तीही मूठ भरून. हात ठणकत होता तरी तिनं कोपरे सोडले नाहीत. कुणी काही म्हणायला जागाच नव्हती. पाहुणे येणार म्हणून बाईनं दार स्वच्छ केलं, यात कुणाचं काय चुकतं? ताजं पाणी सोडून तिनं चांगली साडी नेसली आणि चहाचं आधण ठेवलं. मन अगदी गार झालं होतं.

जीप आल्या. प्राध्यापक, शिकणाऱ्या पोरी, आणि परिषदेचे अध्यक्ष, शहादेव सर म्हणून एक निवृत्त मास्तर. संगीता सगळ्यांत पुढं होती. अंगणात पाऊल टाकताच तिला पावडरीचा वास आला. तिनं हौदाकडं बघितलं, मग अंजनाकडं बघितलं. तिचा चेहरा पडलेला बघून अंजनाला जे वाटलं त्याला सुखच म्हणतात, उगीच दुसरं नाव कशाला द्यायचं.

सायली मॅडमचं लक्ष हौदाकडं नव्हतं. त्या सरळ अंजनाकडं आल्या आणि पिशवीतून त्यांनी काळ्या दोऱ्यातलं एक नवंकोरं भिंग काढलं.

"अंजनाताई, गावाला एकच सभासद हा आमचा नियम. पण संगीताताई आज संमेलनात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, जाळी माझ्या जाऊबाईंनी शोधली, त्यांच्या हौदात आहे, त्यांनाही सभासद करा, नाहीतर माझं भिंग परत घ्या. सगळ्यांनी हात वर केले." आणि त्यांनी भिंग तिच्या गळ्यात घातलं. टाळ्या वाजल्या.

अंजनाच्या गळ्याला गार काच लागली. इतके महिने जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि पाठीमागं घासलेला हौद होता.

"आमच्याकडं एक पद्धत आहे," मॅडम पुढं म्हणाल्या. "नव्या सभासदानं पहिल्यांदा आपल्याच पाण्यात बघायचं, आणि जे दिसेल ते सगळ्यांना ऐकू येईल असं सांगायचं. चला."

माणसं हौदाभोवती आली. पहिल्यांदा वास त्यांच्या नाकात गेला, मग पाणी दिसलं. तळ दिसला. कुणीतरी कुणाकडं तरी बघितलं. अंजना वाकली, कारण न वाकून करणार काय? तिनं भिंग हौदाच्या कडेला लावलं. पांढरं सिमेंट, आणि त्यावर ब्रशाच्या तारांचे ओरखडे. भिंगातून ते नांगरटीएवढे मोठे दिसत होते.

"काय दिसतंय?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

अंजना भिंग डोळ्याला लावून तशीच वाकून राहिली. तेवढ्यात संगीता पुढं झाली. "मॅडम, चूक माजी हाय. पाव्हणे येणार म्हणून मीच अक्काला म्हणलं, हौद घासून ठेवा. माज्या ध्यानातच आलं न्हाई."

सगळ्यांच्या नजरा संगीताकडं वळल्या. पोरी हळहळल्या. मॅडमनी कपाळाला हात लावला, पण मग तोच हात तिच्या खांद्यावरही ठेवला. आणि ते बघून अंजनाच्या पोटात जे पेटलं ते आजवरच्या सगळ्या जळण्याच्या वर होतं. फोटो तिचा, नारळ तिचा, आणि आता चूक पोटात घालण्याचा मोठेपणाही तिचाच? माझ्या पापाचंसुद्धा हिनं आपलं पुण्य करून घ्यावं?

"खोटं बोलायली ती," अंजना म्हणाली. आवाज मोठा होता, परिषदेच्या पद्धतीला साजेल असा. "तिनं हात लावू नका म्हणून सांगितल्तं. म्या घासला. जाणून घासला. तिची फजिती व्हावी म्हणून."

लिंबाखाली बांधलेली म्हैस रवंथ करत राहिली.

"आन् दिसत्यात ते ब्रशाचे वळ. दुसरं काय न्हाई."

शहादेव सर म्हणाले, "जे दिसलं तेच सांगितलंत. आमची पद्धत तेवढीच आहे, बाई." मग ते ओसरीवर जाऊन बसले. चहा झाला. कपबश्या अंजनानंच विसळल्या. भिंग कुणी परत मागितलं नाही, आणि तिनंही काढून दिलं नाही. निघताना मॅडम एवढंच म्हणाल्या, की कधी कधी अशी जाळी पुन्हा येते, सांगता येत नाही, फक्त आता घासू नका.

जीप गेल्यावर अंजना समोरच्या दारात जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती या उंबऱ्यावर काही मागायला आली नव्हती.

"संगे, तुज्या बाटलीत हाय ना थोडं? ते दे. परत हौदात सोडते."

संगीतानं फळीवरून बाटली काढून तिच्या हातात ठेवली. जाळी आत होती, पण तिचा हिरवा रंग उडाला होता. "औषधात घातलंय अक्का. त्याच दिवशी मेलंय ते."

अंजना बाटली उजेडात धरून बघत राहिली.

"आन् मला देव समजू नका," संगीता म्हणाली. "तुमच्यासाटी भिंग काय मी मायेपोटी न्हाई मागितलं. तुमी ज्या नजरेनं बघता ना, त्या नजरेखाली मला दोन घास गिळवत न्हाईत. म्हणलं तुमालाबी एक मिळू दे, म्हणजे माज्या गळ्याकडं बघायचं तरी थांबाल."

अंजनानं बाटली परत दिली.

त्यानंतर तिनं हौद घासला नाही. अमावास्या येतात नि जातात, ब्रश खुंटीला लटकलेला आहे. हौदाला हिरवा थर आलाय, आता शेजारच्या बाया तिला टोमणे मारतात. अंजना रोज सकाळी धारेच्या आधी भिंग डोळ्याला लावून कडेकडेनं बघत जाते. साधं शेवाळ आहे, धागे आहेत, हिरवे ठिपके आहेत. जाळी नाही. महिन्याच्या महिन्याला ती बाटली भरते आणि संगीताच्या पेटीत नेऊन ठेवते. दोघी एकाच जीपनं केजला जातात, वाटेत फारसं बोलत नाहीत.

एक गोष्ट मात्र तिनं संगीताला बजावून ठेवली आहे. "जाळी आली तर पहिल्यांदा म्या बघणार. तू हौदात डोकवायचं न्हाई."

म्हणून संगीता पाण्याला जाताना हौदाशी आली की तोंड फिरवून पुढं जाते. आणि अंजना हातातलं काम टाकून, ती खरंच दुसरीकडं बघते आहे ना, हे बघत उभी राहते.